राष्ट्रीय सेवा योजना
महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना समाजकार्यातून नागरिकत्वाचा अनुभव देणारी केंद्र सरकारची योजना. रूढ नाव ‘एन.एस.एस.’. चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली 1959 मध्ये नेमलेल्या समितीने विद्यार्थ्यांसाठी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेची शिफारस केली होती. सक्ती मागे पडून स्वेच्छेचे तत्त्व स्वीकारले गेले आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत योजना सुरू केली.

स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम करावे आणि दत्तक गावातील सात दिवसांच्या निवासी शिबिरात भाग घ्यावा, अशी अपेक्षा असते. महाविद्यालयातील स्वयंसेवकांच्या गटाची, म्हणजे एककाची, धुरा कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेल्या प्राध्यापकाकडे असते. महाराष्ट्रातील शिबिरे बहुधा हिवाळ्यात भरतात. मुक्काम शाळेत किंवा मंदिरात, पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य हा ठरलेला क्रम. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालणे हे आवडते काम. शहरी एकके रक्तदान शिबिरे घेतात, विसर्जन घाटांवर निर्माल्य गोळा करतात. खरे शिक्षण मात्र घरोघरच्या सर्वेक्षणात होते: पाण्याची वेळ, शौचालय, शाळा सोडलेली मुलगी यांविषयी विचारताना ग्रामपंचायतीचा कारभार कळू लागतो. काही विद्यापीठे वाढीव गुण देत असल्याने केवळ त्यांसाठी नाव नोंदवणारेही पुष्कळ, आणि फोटोपुरती स्वच्छता मोहीम हा योजनेचा जुनाच दोष. कोणार्कच्या रथचक्रावर आधारलेले योजनेचे बोधचिन्ह स्वयंसेवकांच्या बिल्ल्यावर असते.