नेल गनमधली रबरी कडी आणि निल्स ख्रिस्टेन्सनची खाच

आजचा भाग एका आवाजावर आहे. फस्स्स्...

फर्निचरचं काम चाललेल्या घरात तुम्ही हा ऐकला असेल. कोपऱ्यात छोटा कॉम्प्रेसर घरघरतोय, मिस्त्री प्लायवर गन टेकवतो, फट् करून खिळा आत. मग एक दिवस ट्रिगर न दाबताच गनमधून हवा सुटायला लागते, खिळा अर्धाच घुसतो, आणि कोणीतरी म्हणतं, "गेली गन, नवीन घ्या."

बहुतेक वेळा गन गेलेली नसते. आतली एखादी ओ-रिंग गेलेली असते, म्हणजे काळ्या रबराची साधी गोल कडी.

गनचं आतलं काम बघा. मुठीत दाबाखालची हवा भरून बसलेली असते. ट्रिगर दाबला की वरचा हेड व्हॉल्व्ह उघडतो, ती हवा पिस्टनवर कोसळते, पिस्टनला जोडलेली पट्टी खाली येऊन खिळा ठोकते. पिस्टन खाली जाताना थोडी हवा बाजूच्या कप्प्यात साठते आणि तीच त्याला परत वर ढकलते. स्प्रिंगचं काम हवाच करते म्हणा ना. आणि हवा जिथे अडवायची, तिथे बहुतेक ठिकाणी ही रबरी कडी बसलेली असते.

आता चला अमेरिकेतल्या मिलवॉकीला. निल्स ख्रिस्टेन्सन मूळचा डेन्मार्कचा, १८९१ मध्ये अमेरिकेत आला. हवेवरच पोट असलेला माणूस! ट्रामसाठी त्याने एअर ब्रेक बनवले. ती पेटंटं फिरत फिरत शेवटी वेस्टिंगहाउसकडे गेली. पुढे म्हातारपणी तो पिस्टनच्या गळतीमागे लागला. १९३७ मध्ये त्याने ओ-रिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा वय ७२. पेटंट मिळालं १९३९ मध्ये.

गोल रबरी कड्या त्याआधीही होत्या. मग याने केलं काय? माझ्या मते खरी कमाल कडीची नाही, खाचेची आहे. पुढेमागे सरकणाऱ्या पिस्टनवर नुसती कडी चढवली तर ती पिळवटते, झिजते. ख्रिस्टेन्सनने तिच्यासाठी कडीच्या जाडीपेक्षा रुंद खाच ठेवली. कडी आत किंचित दबलेली राहते, पण तिला हलायला जागा असते. हवेचा दाब आला की ती खाचेच्या एका कडेला जाऊन चिकटते आणि फट बुजते. दाब वाढला की आणखी घट्ट! जी हवा निसटू पाहते, तिलाच त्याने कामाला लावलं.

गन दुरुस्त करताना ही खाच लक्षात ठेवा. आधी हवेचा पाइप काढा, मग खिळे काढा, आणि त्यानंतरच स्क्रूला हात लावा. हा क्रम कधीच बदलायचा नाही, कारण मुठीत उरलेल्या हवेला तुमचं बोट आणि प्लाय यातला फरक कळत नाही. आता कान द्या. ट्रिगरपाशी हवा सुटत असेल तर ट्रिगर व्हॉल्व्हच्या कड्या तपासा. वरच्या झाकणातून सुटत असेल तर हेड व्हॉल्व्हच्या. पिस्टन वर परत येत नसेल तर त्याची कडी किंवा तळाचा रबरी बंपर संशयित. जुनी कडी टोकदार स्क्रूड्रायव्हरने उपसू नका. खाचेवर ओरखडा पडला की नवी कडीही गळते. जाड कडी दामटून बसवली तर पिस्टन अडकतो. माप तंतोतंत तेच हवं. बसवताना ओ-रिंगला चालणारं ग्रीस लावा, आणि नंतर रोज हवेच्या तोंडाशी न्यूमॅटिक टूलचं तेल दोन-तीन थेंब. (ऑइल-फ्री लिहिलेल्या गनला तेही नको.) गाडीचं इंजिन ऑइल नको, त्यातली रसायनं रबराला मानवतीलच असं नाही. आणि कॉम्प्रेसर बिघडला म्हणून वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन सिलिंडर? अजिबात नाही. गन फुटते, माणसं मरतात.

थंडीत हीच कडी आखडते आणि गन सुस्त होते. २८ जानेवारी १९८६ च्या गारठलेल्या सकाळी चॅलेंजर यान कोसळलं, सात जण गेले. तिथेही रॉकेटच्या सांध्यातल्या ओ-रिंग वेळेत फुगून फट बुजवू शकल्या नव्हत्या. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीत सगळ्यांसमोर रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून ते दाखवलं.

बरं, ख्रिस्टेन्सनला काय मिळालं? दुसरं महायुद्ध आलं, विमानांना ही कडी हवीच होती. अमेरिकी सरकारने पेटंट युद्धासाठी महत्त्वाचं म्हणून ताब्यात घेतलं आणि इतर कंपन्यांना कड्या बनवायची मुभा दिली. त्याच्या हातावर ७५,००० डॉलर एकरकमी ठेवले. तो १९५२ मध्ये गेला. वारसांचा कोर्टातला दावा १९७१ मध्ये मिटला आणि आणखी १ लाख डॉलर मिळाले, तो जाऊन १९ वर्षं झाल्यावर. तोवर त्याची कडी घरातल्या नळापर्यंत पोचली होती.

चला, भेटू पुढच्या भागात.