खाणीशेजारचा माळ

चंद्रपूर जिल्ह्यांतील वरोरा हें गांव एके काळीं दगडी कोळशासाठीं मध्यप्रांतांत प्रसिद्ध होतें. तेथील सरकारी खाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरू झाली. वर्ध्याहून आगगाडी आली तीही या कोळशासाठींच. १९०६ सालीं ती खाण बंद पडली. खाणीचा हिशेब टनांत लिहिला गेला. त्याच शिवारांत वावरणाऱ्या माळढोक पक्ष्याचा हिशेब कोण ठेवणार?

माळढोक सुमारें एक मीटर उंच असतो. नराचें वजन १५ किलोपर्यंत भरतें. घनदाट अरण्य त्याला मानवत नाहीं. गुडघाभर गवत, मधून मोकळी जमीन, तुरळक बोरी-बाभळी आणि लगत कोरडवाहू शेत, एवढाच त्याचा संसार. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरें आणि दाणे हें त्याचें अन्न. मादी बहुधा एकच अंडें घालते, तेंही उघड्या भुईवर. एखादा नांगर किंवा मोकाट कुत्रा तिचा सारा वंश बुडवूं शकतो.

अशा माळाला सरकारी दप्तरांत 'पडीक' म्हणतात. या एका शब्दानें मोठा घात केला. अरण्य तोडलें तर आरडाओरड होते. पडीक जमीन खाणीला किंवा कारखान्याला दिली, तर ती सुधारणा ठरते! १९७३ सालीं कोळसाखाणींचें राष्ट्रीयीकरण झालें व पुढें वर्धा नदीच्या खोऱ्यांत उघड्या खाणी वाढल्या. भुयारी खाणीवर शेत राहूं शकतें. उघडी खाण आधीं मातीच उचलते. त्या मातीच्या ढिगांवर पुढें झाडें लावलीं, तरी माळ परत येत नाहीं. त्यांत विजेच्या तारांची भर पडली. माळढोकाला समोरचें कमी दिसतें आणि जड देहामुळें ऐन वेळीं वळतां येत नाहीं.

कायद्यानें उपाय केलाच नाहीं असें नाहीं. सोलापूर-अहमदनगर भागांत १९७९ सालीं ८,४९६ चौरस किलोमीटरांचें माळढोक अभयारण्य झालें. परंतु त्यांत गांवें, शेतें, रस्ते सारेंच आलें. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनें पडलीं आणि पक्ष्याचें नांव काढतांच शेतकरी रागावूं लागला. अखेर तें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें.

वरोऱ्याकडे एकविसाव्या शतकांतही मोजके माळढोक दिसले, ते अशा अभयारण्यांत नव्हे, तर शेतकऱ्यांच्या शिवारांत. तेव्हां शेतकऱ्याला शत्रु करून हा पक्षी वांचणार नाहीं. आणि जमिनीला पडीक म्हणण्यापूर्वीं तिच्यावर कोण राहतें तें पाहावें, एवढी शिस्त तरी दप्तरानें पाळावयास हवी.