मध्यरेषेपासून वर्णरेषेपर्यंत : वत्सगुल्म, पुणे आणि दीर्घिकांची छायाचित्रे

वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. भारतीय ज्योतिषाच्या इतिहासातही या नगरीस स्थान आहे, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीया’त आणि बाराव्या शतकातील भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहला’त लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरील स्थळे सांगताना उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचाही उल्लेख केला आहे. आधुनिक मापनानुसार वाशीम उज्जैनच्या पूर्वेस सव्वा अंशाहून किंचित अधिक अंतरावर येते; परंतु या उल्लेखाचे महत्त्व त्याच्या अचूकतेत नाही. ते ज्योतिष स्थान आणि काल यांचे शास्त्र होते. ग्रह कोठे आहे व कोठे असेल, हे त्याने गणिताने सांगितले. त्याचे तेज कोणत्या द्रव्याचे आहे, हा त्या गणिताचा विषय नव्हता.

हा दुसरा प्रश्न एकोणिसाव्या शतकात वर्णपटदर्शकामुळे विचारता येऊ लागला. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका अभ्रिकेचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यांना अखंड पट्टा न दिसता सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. यावरून ती अभ्रिका विरळ वायूची आहे, असा निष्कर्ष निघाला. देवयानीतील अभ्रिकेचा वर्णपट मात्र अखंड आढळला. ती असंख्य ताऱ्यांची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे निर्णायकपणे ठरण्यास १९२० नंतरचे दशक उजाडावे लागले. तथापि रेषांचा प्रकाश आणि ताऱ्यांचा अखंड प्रकाश हे दोन वेगळे पुरावे होत, ही जाणीव त्याच वर्षी शास्त्रास झाली.

महाराष्ट्रात या नव्या शास्त्राचा पाया पुण्यास घातला गेला. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी दिलेल्या देणगीस मुंबई सरकारच्या अनुदानाची जोड मिळून सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली आणि १८८८ मध्ये ती पूर्ण झाली. ग्रब यांनी घडविलेला २० इंच व्यासाचा परावर्तक दूरदर्शक हे तिचे प्रमुख उपकरण होते. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे संचालक होते.

त्या काळी अभ्रिकांच्या वर्णपटातील प्रमुख हिरव्या रेषेविषयी तीव्र वाद चालू होता. आजच्या मापनात तिची तरंगलांबी ५००·७ नॅनोमीटर आहे. ‘नेचर’ नियतकालिकाचे संस्थापक संपादक नॉर्मन लॉकियर यांचे मत असे की, अभ्रिका उल्कांच्या थव्यांच्या बनलेल्या असून ही रेषा मॅग्नेशियमच्या वर्णपट्टाचा अवशेष होय. मॅग्नेशियमचा तो पट्टा एका कडेस तीक्ष्ण असून दुसऱ्या बाजूस हळूहळू मंद होत जातो. तेव्हा रेषेची एक कड पुसट आहे किंवा नाही, हीच खरी कसोटी ठरली. नायगमवाला यांनी मृगातील अभ्रिकेचे वेध घेऊन १८९१ मध्ये असे प्रसिद्ध केले की, वेधाची परिस्थिती कशीही बदलली तरी ही रेषा अरुंद व तीक्ष्णच दिसते. हगिन्स आणि लिक वेधशाळेतील जेम्स कीलर यांचे निष्कर्षही लॉकियर यांच्या विरुद्धच होते. पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचे सिद्ध केले. पुण्याच्या वेधांनी रेषेचे कूळ सांगितले नव्हते. मात्र ती कोणाची नव्हे, हे दाखविण्यात त्यांचा वाटा होता.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद करण्यात आली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. एका व्यक्तीच्या निवृत्तीबरोबर संस्था संपावी, ही त्या काळच्या विज्ञानव्यवस्थेची उणीव होय.

वेधशाळा संपली, तरी प्रश्न संपला नाही. आज दीर्घिकांची छायाचित्रे घेणारे अभ्यासक तांबडा, हिरवा व निळा हे रुंद पट्ट आणि हायड्रोजनची ६५६·३ नॅनोमीटरची किंवा ऑक्सिजनची ५००·७ नॅनोमीटरची रेषा तेवढी वेचणारे, तीन ते सात नॅनोमीटर रुंदीचे फिल्टर, अशी दुहेरी सामग्री गोळा करतात. अरुंद फिल्टरमधूनही ताऱ्यांचा काही अखंड प्रकाश येतोच. म्हणून तांबड्या प्रतिमेस योग्य गुणकाने गुणून दोन्ही प्रतिमांतील ताऱ्यांची तेजस्विता सारखी करावी लागते आणि मग ती हायड्रोजनच्या प्रतिमेतून वजा करावी लागते. उरतो तो वायूचा प्रकाश. तो रंगीत चित्राच्या तांबड्या भागात मिळवितात. ही वजाबाकी मूळ मोजणी प्रकाशाशी समप्रमाणात असतानाच, म्हणजे चित्राचा मंद भाग उजळण्यापूर्वी, करणे आवश्यक असते. गुणक कमी पडला तर जुन्या पिवळ्या ताऱ्यांचा गाभा हायड्रोजनने भरल्यासारखा भासतो. अधिक झाला तर तेथे खोटी काळी पोकळी निर्माण होते. शिवाय सेकंदास ३,००० किलोमीटर वेगाने दूर जाणाऱ्या दीर्घिकेची ६५६·३ ची रेषा सुमारे साडेसहा नॅनोमीटर तांबड्याकडे सरकते. अशा वेळी तीन नॅनोमीटरच्या फिल्टरमध्ये वायूचा प्रकाश न सापडणे, हा वायूच्या अभावाचा पुरावा मानता येत नाही.

या विवेकाचे फळ २०२२ मध्ये दिसले. ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी या हौशी छायाचित्रकारांच्या गटास देवयानी दीर्घिकेशेजारी सुमारे दीड अंश लांबीचा एक अज्ञात कंस आढळला. शतकाहून अधिक काळ छायाचित्रित झालेल्या त्या भागात रुंद पट्टांनी तो कधीच दाखविला नव्हता. तो दिसला ५००·७ नॅनोमीटरच्याच प्रकाशात, म्हणजे १८९१ मध्ये पुण्यात तपासलेल्या रेषेत. तो देवयानीचा की आपल्याच आकाशगंगेतील, याविषयी पुढे मतभेद झाले. नायगमवालांच्या काळाप्रमाणे येथेही रेषा दिसणे ही पहिली पायरी आणि तिचा अर्थ लावणे ही दुसरी. मध्यरेषेवर वत्सगुल्म नोंदविणाऱ्या गणित्यांस स्थान ठरविताना जी काटेकोर वृत्ती अभिप्रेत होती, तीच रंग ठरवितानाही लागते. रेषेचा प्रकाश आणि ताऱ्यांचा प्रकाश वेगळा केल्यावाचून एकत्र केलेले चित्र सुंदर असू शकेल. परंतु त्यास पुरावा म्हणता येणार नाही.