कॅप्टनचा पुन्हा सार्जंट होतो, तेव्हा त्याच्या ‘क्रेडिट’चं काय होतं?

‘क्रेडिट’ हा शब्द तुम्हाला नवा नाही. कोणत्या सेमिस्टरला किती क्रेडिट्स, कॉलेज बदललं तर किती टिकतील, अकॅडमिक बँकेत ती दिसतायत का, या विवंचनेतून आपण सगळेच गेलोय. आज याच शब्दाची एक वेगळी गोष्ट सांगतो. ती अमेरिकन लष्करातली आहे, पण संशोधनाला बसणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

आधी पार्श्वभूमी. शिपायाचा सार्जंट आणि सार्जंटचा अधिकारी झाला, असं आपण ऐकलेलं असतं. उलटा प्रवास क्वचितच कानावर येतो. पण विसाव्या शतकात अमेरिकेच्या प्रत्येक मोठ्या युद्धानंतर तो घडला. युद्ध सुरू झालं की अधिकारी कमी पडतात, मग अनुभवी सार्जंटांना तात्पुरतं किंवा राखीव दलातलं कमिशन दिलं जातं. युद्ध संपलं की फौज आटते. १९६८ मध्ये अमेरिकन भूदलात सुमारे १५.७ लाख माणसं होती, १९७३ मध्ये सुमारे ८ लाख उरली. या कपातीत राखीव कमिशनवाले अधिकारी आधी बाहेर पडले. त्यांतल्या अनेकांची दहा-पंधरा वर्षं नोकरी झालेली होती. पेन्शनला लागायची वीस. आता करायचं काय?

कायद्यानं एक दार उघडं ठेवलं होतं. पूर्वी नियमित सैन्यात जवान असलेला माणूस राखीव अधिकारी म्हणून सेवा करून बाहेर पडला, तर सहा महिन्यांच्या आत अर्ज करून तो जुन्या हुद्द्यावर परत भरती होऊ शकत असे. जागा रिकामी आहे की नाही हा प्रश्न नाही. ज्येष्ठता जाणार नाही आणि सेवेचं क्रेडिटही जाणार नाही. म्हणजे काल ज्याला सॅल्यूट मिळत होता तो आज सार्जंटचे पट्टे लावून त्याच लष्करात हजर. काहींचं राखीव दलातलं कमिशन तर चालूच राहायचं. रोजच्या कामात सार्जंट आणि राखीव दलाच्या कागदावर कॅप्टन किंवा मेजर, अशी एकाच माणसाची दोन रूपं!

मी हे वाचायला लागलो तेव्हा एक चूक केली, ती तुम्ही करू नका. ‘क्रेडिट’ दिसलं की एकच गोष्ट समजून मी नोंदी काढत गेलो. पंधरा दिवसांनी लक्षात आलं की इथे तीन वेगळी खाती आहेत.

पहिलं खातं सेवेच्या वर्षांचं. हे टिकत असे, पण त्यातही मेख होती. अधिकारी म्हणून निवृत्त व्हायचं तर वीस वर्षांपैकी किमान दहा कमिशनवर झालेली हवीत. समजा एकानं सहा वर्षं जवान म्हणून आणि आठ वर्षं अधिकारी म्हणून काढली. एकूण चौदा. कपातीनंतर तो सार्जंट म्हणून परत आला आणि उरलेली सहा वर्षं पूर्ण केली. कमिशनची वर्षं आठच, म्हणून तो निवृत्त झाला सार्जंट म्हणून. पण प्रत्यक्ष सेवा आणि निवृत्तीच्या यादीवरची वर्षं मिळून तीस झाली, की समाधानकारकपणे सांभाळलेल्या सर्वोच्च हुद्द्यावर त्याला नेलं जाई. म्हणजे आणखी दहा वर्षांनी, घरी बसून, तो पुन्हा कॅप्टन!

दुसरं खातं लष्करी प्रशिक्षणाचं. कायद्याच्या या कलमात हुद्दा आहे, ज्येष्ठता आहे, सेवा आहे. अभ्यासक्रमांबद्दल एक अक्षरही नाही. कलम १९५० च्या दशकातलं, आणि सार्जंटांसाठीची पायरीपायरीची शिक्षणव्यवस्था सुरू झाली १९७१ मध्ये. व्हिएतनामनंतर परतणाऱ्यांसमोर त्यामुळे अशी शिडी होती, जी कायदा करणाऱ्यांनी पाहिलेलीच नव्हती. कंपनी चालवलेल्या माणसाचा अनुभव त्या शिडीवर कुठे बसवायचा, याचं उत्तर त्या कलमात शोधून मिळत नाही. ते लष्कराच्या नियमावल्यांत आणि आदेशांत शोधावं लागतं.

तिसरं खातं कॉलेजच्या क्रेडिटचं. पहिल्या महायुद्धानंतर अनेक कॉलेजांनी परतलेल्या सैनिकांना सरसकट क्रेडिट वाटलं, कोण काय शिकलं हे न बघता. त्याची पुढे बरीच टीका झाली. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’नं वेगळी वाट धरली. प्रत्येक लष्करी अभ्यासक्रम तपासायचा आणि त्याला किती क्रेडिट द्यावं याची शिफारस छापायची. १९४५ मध्ये त्यासाठी आयोग नेमला गेला. शिफारस अभ्यासक्रमाला असते, माणसाच्या खांद्यावरच्या हुद्द्याला नाही. त्यामुळे अधिकारी असताना केलेला कोर्स सार्जंट झाल्यावरही कॉलेजच्या दारात तेवढाच मोलाचा. अर्थात ती शिफारसच, मानायची की नाही हे कॉलेज ठरवणार.

आता तुम्हाला दिसेल की एकच माणूस एका खात्यात सगळं राखतो, दुसऱ्यात अधांतरी राहतो आणि तिसऱ्यात त्याला नागरी संस्थेकडून दाद मिळते. ‘क्रेडिट ट्रान्स्फर झालं का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देणारा प्रबंध म्हणूनच फसतो.

पुराव्याचं एक दुखणंही सांगायला हवं. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या राष्ट्रीय सेवानोंद केंद्रात आग लागली. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फाइली गेल्या. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती, सूचीही नव्हती. फाइल गेली म्हणजे त्या माणसाची वर्षं सिद्ध करण्याचा मुख्य कागद गेला. मग पगारपत्रकं आणि तुकड्यांचे रोजचे अहवाल जुळवत बसायचं. सार्जंट आणि अधिकारी या दोन्ही नोंदी असलेल्या माणसाला तर दुप्पट शोधावं लागतं.

तुमचा विषय लष्कराचा नसेल, गिरणीचा असेल, शाळामास्तरांचा असेल. तरी एक काम आज करा. तुमच्या प्रस्तावातला सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द घ्या आणि तो कोणकोणत्या दप्तरात, कोणत्या अर्थानं येतो याची यादी करा. मग विचारा, कोणतं दप्तर टिकलं आणि कोणतं जळलं? मी हे पहिल्या महिन्यात केलं असतं तर माझे पंधरा दिवस वाचले असते.