थर्मल बंद, लाईट चालू

फेब्रुवारी 2013. दुष्काळ इतका कडक की परळीचं थर्मल पाण्यावाचून बंद पडलं. तिथले पाच संच, 1130 मेगावॉट, सगळं ठप्प. बातमी करायला गेलो तर कूलिंग टॉवरच्या डोक्यावर वाफ नाही. संध्याकाळी स्टेशनजवळ चहा घेताना टपरीवाल्यानं डोक्यावरच्या बल्बकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, थर्मल बंद ना? मग ही लाईट कुठली?"

डिप्लोमा करून इतकी वर्षं बातम्या लिहिल्या, पण मला उत्तर देता आलं नाही. नंतर एका निवृत्त इंजिनिअर काकांना गाठलं.

ते म्हणाले, थर्मल म्हणजे मोठी चूल आणि त्यावरचं पाणी. कोळसा दळून पिठासारखा करायचा, भट्टीत फुंकायचा. बॉयलरच्या नळ्यांतल्या पाण्याची साधारण 540 अंशांची वाफ होते. ती टर्बाईनची पाती मिनिटाला 3000 वेळा फिरवते, त्याच दांड्यावर जनरेटर. बॉयलरचं पाणी फिरून फिरून तेच वापरतात. खरं पाणी जातं ते वापरलेली वाफ थंड करण्यात, कूलिंग टॉवरवरून हवेत. शिवाय राख वाहून न्यायला.

एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा. आणि पाणी? केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. त्या हिशोबाने 1130 मेगावॉट पूर्ण चालले तर दिवसाला साडेनऊ कोटी लिटर. माणशी 55 लिटर धरा, सतरा लाख माणसांचं पाणी झालं!

आता परळीत बघा. कोळसा नाही, तो चंद्रपूर-वणीकडून नाहीतर सिंगरेणीहून रेल्वेनं येतो. मोठी नदी नाही, पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून आणायचं. तरी 1971 ला 30 मेगावॉटचा पहिला संच इथे सुरू झाला. मागास मराठवाड्याला उद्योग मिळाला, कितीतरी घरं उभी राहिली, हे नाकारून चालणार नाही. 1980 पासून 210 चे तीन आणि पुढे 250 चे दोन संच आले. कोळशाची सोय झाली, पाण्याचं पावसावर सोडलं.

टपरीवाल्याचं उत्तर तारांत होतं. जनरेटरमधून वीज पंधरा-सोळा हजार व्होल्टने निघते. ट्रान्सफॉर्मर ती 2 लाख 20 हजार किंवा 4 लाखांवर नेतो, कारण दाब जास्त तर करंट कमी, आणि करंट कमी तर तार कमी तापते, वीज वाया कमी जाते. मग ती ग्रीडमध्ये मिसळते. कोयनेची, चंद्रपूरची, परळीची, सगळी एकच. चंद्रपूरहून तर 752 किलोमीटरची खास डीसी लाईन थेट मुंबईजवळच्या पडघ्याला जाते. आपल्याकडे मात्र ती उपकेंद्रांतून उतरत 11 हजारांवर येते आणि डीपीवरून घरात.

म्हणून थर्मल बंद असतानाही टपरीत उजेड होता. याची उलटी बाजू आम्ही आधी भोगलीच होती. 2005 नंतरची ती वर्षं आठवा. चिमणीतून धूर निघतोय आणि तिच्या सावलीतल्या गावांत आठ-दहा तास लोडशेडिंग! वीज राज्याची, राख आणि पाण्याची ओढ मात्र इथली.

2013 ला कंत्राटी पोरं घरी बसली, सर्वात आधी तीच बसतात. पावसानंतर संच सुरू झाले. 2015 च्या दुष्काळात पुन्हा बंद. त्यानंतर 2016 ला 250 मेगावॉटचा आठवा संच सुरू झाला. पाणी तेच, खडक्याचं.