जकात : कर नव्हे, खैरातही नव्हे



नववीच्या वर्गात एकदा मी विचारले, “जकात म्हणजे काय?” पहिल्या बाकावरच्या मुलाने तत्काळ उत्तर दिले, “सर, दहिसरचा जकात नाका!” सारा वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाताना वाटले, की चूक त्या मुलाची नव्हती. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर आला तेव्हा, बंद झाली. तरी दहिसर आणि मुलुंड येथे मालमोटारींच्या ज्या रांगा लागत, त्या लोकांच्या स्मरणातून गेलेल्या नाहीत. नाका गेला, नाव राहिले.

हा शब्द अरबीतून फारसीत आणि फारसीतून दख्खनच्या दफ्तरांत आला. मराठ्यांच्या कागदपत्रांत जकात म्हणजे मालाच्या ये-जा करण्यावर घेतला जाणारा कर. तो वसूल करणारा जकातदार. हे आजही महाराष्ट्रात आडनाव म्हणून चालते. असाच दुसरा शब्द ‘खैरात’. मूळ अरबीत त्याचा अर्थ सत्कृत्ये. आपल्या मराठीत मात्र ‘खैरात वाटली’ म्हटले की उधळपट्टी केली, असाच अर्थ घेतात. एक शब्द सरकारी तिजोरीत गेला, दुसरा बदनाम झाला. दीनदुबळ्यांसाठी इस्लामने जी व्यवस्था सांगितली ती मात्र कर नव्हे आणि खैरातही नव्हे. मग ती काय आहे, आणि आपल्या या मुंबईत तिचा इतिहास काय आहे, हे आपणापुढे मांडण्याचा हा अल्प प्रयत्न.

गरिबाचा हक्क

जकात या शब्दाच्या मुळाशी दोन अर्थ आहेत : शुद्ध होणे आणि वाढणे. ज्याच्यापाशी ठरावीक मर्यादेहून अधिक संपत्ती आहे आणि तिला चांद्रवर्ष पूर्ण झाले आहे, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, द्यावयाचा असतो. या मर्यादेला निसाब म्हणतात. आपल्याकडे ती साडेसात तोळे सोने (८७.४८ ग्रॅम) किंवा साडेबावन्न तोळे चांदी (६१२.३६ ग्रॅम) अशी सांगितली जाते. शेतीचा हिशेब निराळा. पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा हिस्सा आणि कष्टाने पाणी देऊन पिकविलेल्याचा विसावा. ज्याला श्रम अधिक पडले त्याच्यावर भार निम्मा, हा न्याय शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या वाचकास सहज पटेल.

हा पैसा कोणाला द्यावा, हे देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. पवित्र कुरआनच्या ‘तौबा’ या सूरेत आठ वर्ग नेमून दिले आहेत : फकीर, मिस्कीन, जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मने जोडून घ्यावयाची आहेत असे लोक, बंधनात अडकलेले गुलाम, कर्जबाजारी, अल्लाहच्या मार्गातील कार्य आणि वाटेत अडलेला प्रवासी. श्रीमंतांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे, ही कुरआनची शिकवण आहे. संपत्ती केवळ धनिकांतच फिरत राहू नये, असाही इशारा तेथे आहे. ‘हक्क’ हा शब्द येथे महत्त्वाचा. हक्काची वस्तू पोचती करणारा उपकार करीत नाही, तो फक्त हिशेब पुरा करतो. आणि उपकाराची आठवण करून देऊन दान वाया घालवू नका, असेही कुरआनने बजावले आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत मुआज (र.) यांना येमेनला पाठविताना जी सूचना दिली तीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेथील धनिकांकडून घ्यावे आणि तेथीलच गरिबांना द्यावे. आपल्या वस्तीची गरज आधी पाहावी, हा त्यातला धडा.

कुऱ्हाड आणि खजुरीची बाग

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. एक अन्सारी गृहस्थ मदत मागण्यास आला. त्याच्या घरी काय आहे, असे प्रेषितांनी विचारले. एक कांबळे आणि पाणी पिण्याचे एक भांडे, एवढेच होते. ते मागवून त्यांचा लिलाव झाला आणि दोन दिरहम मिळाले. एका दिरहमचे धान्य घरी द्यावयास सांगितले. दुसऱ्याची कुऱ्हाड आणविली, प्रेषितांनी स्वतःच्या हाताने तिला दांडा बसविला आणि त्याला लाकडे तोडून विकण्यास धाडले. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा त्याच्यापाशी दहा दिरहम होते. त्या दिवसाची भूक भागली, आणि उद्या पुन्हा मागावे लागू नये याचीही तजवीज झाली.

दुसरा प्रसंग हजरत उमर (र.) यांचा. खैबर येथे त्यांना उत्तम जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषितांना विचारले. मूळ जमीन राखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे, असा सल्ला मिळाला. ती जमीन विकता येणार नाही, बक्षीस देता येणार नाही, वारसांत वाटता येणार नाही, असे ठरले. यालाच आपण वक्फ म्हणतो. जकात दरवर्षी द्यावयाची आणि लगोलग गरजूपर्यंत पोचवावयाची. वक्फ मात्र झाड लावून ठेवण्यासारखा. फळे खावीत, झाड तोडू नये.

पुढे खलीफा झाल्यावर हजरत उमर (र.) यांनी भीक मागणाऱ्या एका वृद्ध यहुदी माणसास पाहिले, घरी नेऊन मदत केली आणि बैतुलमालमधून त्याची सोय लावून दिली. याची नोंद इमाम अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’ या ग्रंथात आहे. उमर बिन अब्दुल अजीज यांच्या अल्प कारकीर्दीबद्दल (इ.स. ७१७ ते ७२०) असे सांगतात, की उत्तर आफ्रिकेत त्यांचा अधिकारी जकात घेऊन गरीब शोधत फिरला, घेणारा कोणी सापडेना, तेव्हा त्या पैशातून गुलाम विकत घेऊन त्यांना मुक्त करण्यात आले. घेणारेच उरू नयेत, हे या व्यवस्थेचे ध्येय होते.

आपल्या मुंबईत

आता अरबस्तानातून आपल्या शहराकडे येऊ. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. बॅरिस्टर बदरुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा मुहम्मद अली रोगे ही मंडळी त्यात पुढे होती. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी. रोगे घराणे कोकणी मुसलमानांचे. समुद्राने दिलेली संपत्ती त्यांनी शाळेच्या कामी लावली. समाजाचे दारिद्र्य हे मुळात शिक्षणाचे दारिद्र्य आहे, हे या मंडळींनी ओळखले होते.

आमच्या वर्सोव्याहून फार दूर न जाता दुसरे उदाहरण पाहता येते. जोगेश्वरी पूर्वेस टेकडीवर इस्माईल यूसुफ महाविद्यालय आहे. जहाजमालक सर मुहम्मद यूसुफ यांनी मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी १९१४ साली आठ लाख रुपये सरकारच्या हवाली केले. प्रत्यक्ष महाविद्यालय १९३० साली सुरू झाले. देणारा हात आणि उघडणारे दार यांत सोळा वर्षे गेली. पण दार उघडले ते सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी, आणि ते आजही उघडे आहे.

तिसरे उदाहरण भायखळ्याचे. मुहम्मद हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था तेथे १९३६ पासून आहे. अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ साली निघाले. लेथ, सुतारकाम, वीजजोडणी शिकून किती घरांच्या चुली पेटल्या असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. हदीसमधली कुऱ्हाड ती हीच, फक्त दांडा निराळा.

वर्सोव्यातही यारी रोडवर अंजुमनचे युनानी तिब्बिया महाविद्यालय आणि कलसेकर रुग्णालय आहे. कलसेकर हे नाव पनवेलच्या तंत्रशिक्षण संकुलावरही दिसते. आपले पालक रोज त्या पाटीवरून जातात. पाटीवरचे नाव वाचून पुढे न जाता, त्यामागे कोणाची तरी राखून ठेवलेली आणि वाटून दिलेली कमाई आहे, हे मुलांना सांगावे.

विद्यार्थी मित्रहो, कादर खान हे नाव तुम्ही चित्रपटांमुळे ओळखता. त्यांचे बालपण कामाठीपुऱ्यात अतिशय गरिबीत गेले. हा मुलगा पुढे इस्माईल यूसुफ महाविद्यालयात शिकला आणि चित्रपटांत जाण्यापूर्वी साबू सिद्दीकमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकवू लागला. त्यांना कोणाची जकात मिळाली, असे मला म्हणावयाचे नाही. मी एवढेच दाखवितो, की एका दात्याने उघडलेल्या दारातून आत गेलेला गरीब मुलगा दुसऱ्या दात्याच्या संस्थेत उभा राहून इतरांना शिकवू लागला. घेणारा देणारा झाला. वडीलधाऱ्यांच्या दानाचे याहून मोठे चीज कोणते?

भिंती आणि फी

येथे एक व्यवहाराची गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बहुतेक आलिमांच्या मते गरिबाच्या वाट्याची जकात त्याच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून जकातीच्या पैशातून इमारत बांधणे बहुतेकांना मान्य नाही. इमारत, बाके, प्रयोगशाळा यांसाठी वक्फ आणि ऐच्छिक सदका. गरजू मुलाची फी, पुस्तके, गणवेश यांसाठी जकात, अशी वाटणी सरळ आहे. कोकणी मुसलमान बहुधा शाफई आणि इतर अनेक हनफी, म्हणून बारकावे आपापल्या मजहबच्या आलिमांना विचारावेत. पण दोन्ही वह्या निराळ्या ठेवाव्यात, हे कोणत्याही संस्थाचालकास समजण्यासारखे आहे.

आपल्याकडे कमी काय आहे? सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार देशात वक्फच्या ४.९ लाखांहून अधिक मिळकतींची नोंद होती, जमीन सुमारे ६ लाख एकर होती, आणि वार्षिक उत्पन्न मात्र अवघे १६३ कोटी रुपयांच्या आसपास होते. नीट व्यवस्थापन असते तर वर्षाला सुमारे १२ हजार कोटी मिळू शकले असते, असा समितीचा हिशेब होता. याच अहवालाने सांगितले, की सहा ते चौदा वर्षांच्या मुसलमान मुलांपैकी चौथा हिस्सा एकतर शाळेत गेलाच नव्हता, नाहीतर शाळा सोडून बसला होता. ही दोन आकड्यांची जोडी शेजारी शेजारी मांडून पाहावी. झाडे आहेत, फळे नाहीत, आणि खाली मूल उपाशी उभे आहे.

मोठ्या मिळकतींचे प्रश्न आपल्या हाती नसतील, पण घरची जकात आपल्या हाती आहे. समजा एका कुटुंबाची जकात दहा हजार रुपये निघते. ती रमजानमध्ये दारोदार आलेल्यांना शंभर-शंभर करून दिली, तर शंभर माणसांची संध्याकाळ निभावते. हेही पुण्यच आहे, ते कोणी थांबवू नये. पण एकाच वस्तीतील अशी शंभर कुटुंबे आपल्या जकातीचा काही भाग एकत्र आणतील, योग्य व्यक्तींची निवड करतील आणि हिशेब मशिदीच्या फलकावर लावतील, तर कित्येक मुलांचे पूर्ण वर्ष निभावेल. पुढच्या वर्षी त्यांतील काहींना मदतीची गरज पडणार नाही.

एक कबुली

शेवटी एक गोष्ट सांगतो, ती माझ्याच चुकीची. नोकरीच्या पहिल्या वर्षी फीची मदत मिळालेल्या मुलांची नावे मी वर्गात मोठ्याने वाचून दाखविली. माझ्या मनात आनंदच होता. दुसऱ्या दिवशी एक हुशार मुलगा आला नाही. चौथ्या दिवशी आला, आणि मदतीचा अर्ज परत मागू लागला. कारण विचारले तर एवढेच म्हणाला, “सर, घरी आहे तेवढ्यात भागवू.” त्याचा हक्क त्याला देताना मी त्याची मान खाली घालावयास लावली होती. तेव्हापासून अशी नावे माझ्या वहीबाहेर गेलेली नाहीत.

पालकांना विनंती, की जकात मोजून द्यावी, एकत्र द्यावी आणि गुपचूप द्यावी. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हास मिळाली तर संकोच न करता घ्यावी, कारण ती तुमचीच आहे. मात्र घेताना मनाशी एक हिशेब मांडून ठेवा. आज आपले नाव घेणाऱ्यांच्या यादीत आहे, ते कोणत्या वर्षी देणाऱ्यांच्या यादीत जाईल?