नाव बदललं, इतिहास कुठं गेला?

आज सुरुवात होटगीपासून. सोलापूरशेजारचं हे जंक्शन. इथून विजयपूरमार्गे गदगला जाणारा फाटा 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेनं बांधला. 1908 साली कंपनी झाली मद्रास अँड सदर्न मराठा. 1951 ला दक्षिण रेल्वे, 1966 ला दक्षिण मध्य, 2003 ला दक्षिण पश्चिम. आता कुणी फक्त 'दक्षिण पश्चिम' नावानं कागद शोधले, तर त्याला हा मार्ग 2003 मध्येच जन्मला असं वाटेल!

कोडच्या फायलींचं नेमकं हेच व्हायचं. 1990 च्या दशकात सीव्हीएस जोरात होतं. त्यात नाव बदलायची सोयच नव्हती. जुनी फाइल काढा, नवी टाका. इतिहास जुन्या नावापाशीच राहायचा. मग ही ओळ कुणी लिहिली, चूक कधी शिरली, हे शोधताना माग तुटायचा.

2004 मध्ये सबव्हर्जन 1.0 आलं. त्यानं नाव बदलणं म्हणजे 'इतिहासासकट कॉपी करून जुनी काढणं' असं धरलं. 2005 मध्ये आलेलं मर्क्युरियल तर नावबदलाची थेट नोंदच ठेवतं. गंमत बघा, त्याची कमांड 'एचजी', पाऱ्याच्या चिन्हावरून. आणि होटगी स्टेशनचा कोडही एचजीच!

त्याच वर्षी लिनस टोरवाल्ड्सनं गिट लिहिलं आणि वेगळीच वाट धरली. गिट नावबदल नोंदवतच नाही. एक फाइल गेली, दुसरी आली, की विचारल्यावर दोघींचा मजकूर ताडून बघतं. निम्मा किंवा जास्त जुळला, तर म्हणतं, ही तीच. लिनसचं म्हणणं असं की महत्त्व मजकुराला. एखादं फंक्शन एका फायलीतून दुसरीत गेलं तर नावाची नोंद काय कामाची?

पण हा अंदाज आहे, चुकू शकतो. नावही बदललं आणि अर्ध्याहून जास्त मजकूरही, तर गिट ओळखत नाही. म्हणून एवढं करा: आधी फक्त नाव बदलून कमिट करा, मजकुरातले बदल पुढच्या कमिटमध्ये. आणि इतिहास बघताना 'गिट लॉग'ला 'फॉलो' जोडा, नाहीतर तो नावबदलापाशीच थांबतो.

विजापूरचं 2014 ला विजयपूर झालं, पण स्टेशनचा कोड बीजेपीच राहिला. पाटी बदलली तरी रूळ तेच असतात. माग ठेवणं आपल्या हातात!